बसून लाटलेल्या चपात्या

रविवारी सकाळी प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी गच्चीत कपडे वाळत घालत होते. "मावशी, आई उठत नाहीये... किचनमध्ये पडलीय... पप्पा फोन उचलत नाहीत." प्रज्ञा म्हणजे माझ्या मैत्रिणीची, वैशालीची मुलगी. अकरावीत आहे. मी तिला म्हटलं, आधी शेजारच्यांना बोलव, मी निघालेच. ओला टॉवेल तसाच दोरीवर फेकला आणि ठाण्याहून डोंबिवलीला रिक्षा केली. वाटेत मीही मिलिंदला, म्हणजे वैशूच्या नवऱ्याला, फोन लावत राहिले. रिंग जात होती. तो उचलणार नाही हे मला माहीत होतं, त्या पोरीलाही माहीत होतं, म्हणून तर तिने मला फोन केला. रविवारी मिलिंद शीळफाट्यापर्यंत पळत जातो आणि पळत येतो. पळताना तो फोन घेत नाही, कारण मध्ये थांबलं की घड्याळातला वेग बिघडतो. मी पोचले तोवर शेजाऱ्यांनी तिला हॉस्पिटलात नेलं होतं आणि तिथल्या डॉक्टरने सांगायचं ते सांगून टाकलं होतं. हार्ट. सेहेचाळीस वर्षांची बाई, आणि हार्ट. मिलिंद आला तो हाफ पॅंटवर, पाठीवर घामाचं मीठ उमटलेल्या टी-शर्टात. तो तिथेच जमिनीवर बसला आणि मोठ्याने रडला. ते रडणं खरं होतं. मला एवढंच सांगायचंय की ते खरं होतं आणि तरीही माझा राग तीळभरही कमी झाला नाही.

तिचे कपडे आणायला म्हणून मी घरी गेले. शेजारणीने गॅस बंद केला होता. शेगडीवर पातेलं होतं, त्यातलं पाणी पार आटलेलं, आणि तळाला चिकटून तडकलेली अंडी. बापाला पळून आल्यावर आणि मुलाला जिममधून आल्यावर अंड्यांचा पांढरा भाग लागतो, त्याची ती तयारी. ओट्याशी तिचं स्टूल होतं, आडवं पडलेलं. मी ते उचलून सरळ केलं आणि कपाटातून तिची निळी साडी काढली. त्या स्टुलाबद्दल पुढे सांगते. सगळ्यात जास्त राग मला त्याच्यावरूनच येतो.

मग पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. सोसायटीच्या हॉलमध्ये पांढऱ्या चादरी, फोटोला हार, वंदना झाली, आणि एकेक जण आदरांजली वाहायला उठू लागला. आमच्यात बोलणाऱ्यांचा तोटा नाही. मिलिंदचे थोरले भाऊ युनियनमध्ये पुढारी, समतेवर तासभर बोलतील आणि एकदाही अडखळणार नाहीत. ते माईक घेऊन म्हणाले, "वैशालीने सगळ्यांचं सगळं केलं, पण स्वतःकडे लक्ष दिलं नाही." झालं. एकाने वाट दाखवली की बाकीच्यांना चालायला सोपं. नंतर जो उठला तो तेच म्हणाला. तिच्या शाळेच्या ऑफिसातली सहकारी म्हणाली, मॅडम स्वतःकडे लक्ष द्यायच्या नाहीत. खालच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, बायकांनी स्वतःसाठी वेळ काढायला शिकलं पाहिजे. मिलिंदच्या पळणाऱ्या ग्रुपचा कोणीतरी कॅप्टन होता, तो म्हणाला की वहिनींच्या स्मृतीसाठी आपण सगळ्यांनी आरोग्याचा संकल्प करू. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठून माईककडे निघाले तर सूत्रसंचालन करणारे गृहस्थ हात जोडून म्हणाले, "ताई, जेवणाची वेळ झालीये, वाढायला सुरुवात केलीये..." आणि खरंच, हॉलच्या मागच्या दाराशी चार बायका पदर खोचून उभ्या होत्या, त्यांच्यापैकी एकीचंही भाषण झालं नव्हतं. मी खाली बसले. त्या दिवशी जे बोलायचं राहिलं ते आज लिहिते आहे.

वैशाली आणि मी कल्याणला एका मैदानावर कबड्डी खेळायचो. ती चढाईला जायची, मी उजवा कोपरा सांभाळायचे. मी भांडखोर, पंचांशी वाद घालून दोनदा मैदानाबाहेर बसलेली. ती हसरी. पण चढाईला निघाली की चेहरा बदलायचा. मांडीवर थाप मारून मधली रेषा ओलांडायची, आणि "कबड्डी कबड्डी" हा दम असा घुमवायची की बाहेर कठड्यावर बसलेल्यांना शब्द वेगवेगळे ऐकू यायचे. एका फायनलला समोरच्या तिघींनी तिला धरलं. एकीने घोटा, एकीने कंबर, एकजण तर पाठीवरच. संपलं असं आम्हाला वाटलं, पण त्या ढिगाखालून दम ऐकू येत होता, बारीक, पण तुटत नव्हता. तशीच घसटत घसटत ती आली आणि बोटांची टोकं रेषेला लागली. तिघी बाद. आमचे सर उडी मारून उठले होते, त्यांचा चष्मा पडला आणि त्यांच्याच बुटाखाली फुटला. सरांचं एक वाक्य होतं, ते आम्ही सगळ्या जणी पाठ म्हणायचो: "दम लागला म्हणून थांबलीस तर दम कधीच वाढणार नाही. दम लागल्यानंतरची पावलं हीच खरी पावलं." मैदानावर ते शंभर टक्के खरं होतं. त्याच वाक्याने तिला खाल्लं, असं मला आता वाटतं.

मिलिंदने तिला पहिल्यांदा पाहिलं ते त्याच मैदानाच्या कठड्यावरून. तो रोज येऊन बसायचा, आम्ही त्याला चिडवायचो, हा कबड्डीचा एवढा मोठा भक्त कधीपासून झाला म्हणून. मी त्याला 'अरे-तुरे' करते ते तेव्हापासून. चांगला मुलगा होता, शिकलेला, नोकरीला लागलेला. हुंडा नाही, मानपान नाही, साधं लग्न. "लग्नानंतरही खेळ की, मला तर आवडेलच," असं त्याने माझ्यादेखत सांगितलं होतं. आणि घरातल्या कुणीही तिला खेळायला नाही म्हटलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. सासूबाई तर म्हणाल्या, "जा ना बाळा, खेळ. नाही कोण म्हणतंय? फक्त दोन चपात्या टाकून जा."

दोन चपात्या! ज्याने कुणी हा शब्दप्रयोग काढला त्याला एकदा ओट्याशी उभं केलं पाहिजे. कुठल्या घरात दोन चपात्या होतात? कणीक मळायची, ती मुरायला ठेवायची, तोवर भाजी फोडणीला टाकायची, आणि मग ताटं घेतली की एकेकाला गरम गरम तव्यावरून ताटात. त्या घराला गारढोण चपाती चालत नाही. तव्यावरची लागते. म्हणजे सगळे बसून जेवणार आणि एक जण उभी राहून त्यांच्या तोंडाकडे बघणार, कुणाचं ताट रिकामं झालं ते. सरावाची वेळ संध्याकाळची आणि चपात्यांचीही तीच. वैशू दोनेक महिने धावतपळत आली, एकदा तर हाताला कणीक तशीच, मी हसून म्हटलं, अगं पकड घट्ट बसेल आज. मग उशिरा येऊ लागली. मग येईना. तिला कुणी अडवलं नाही, त्यामुळे भांडायलाही कुणी समोर नव्हतं. मी तरी कुणाशी भांडणार होते, चपातीशी?

पुढे रोहन झाला, प्रज्ञा झाली, नोकरी होतीच. कल्याणला एका शाळेच्या ऑफिसात ती कामाला होती. सकाळचे डबे, संध्याकाळची जेवणं, पोरांचा अभ्यास, सासूबाईंची साखर. आणि जो भेटेल तो कौतुकाने म्हणायचा, "वैशाली, कसं जमवतेस गं हे सगळं?" हा प्रश्न मला फार धूर्त वाटतो. त्यात विचारणाऱ्याला काहीच करावं लागत नाही. जमवतेस म्हटलं की जमतंय हे ठरून जातं, आणि ज्याला जमतं त्याच्या मदतीला कोण जातो? वैशू हसून म्हणायची, "जमतं गं." शेवटी शेवटी मला त्या शब्दाचा कंटाळा आला होता.

मग त्या घरात आरोग्य आलं. मिलिंदच्या ऑफिसात कसलीशी तपासणी झाली, कोलेस्टेरॉल का काय ते जास्त निघालं, आणि गडी पळायला लागला. चांगली गोष्ट आहे, मी स्वतः शाळेत खेळ शिकवते, माणसाने पळू नये असं मी कशी म्हणेन? पण तो एकटा पळाला नाही, त्याच्या मागे अख्खं स्वयंपाकघर पळालं. त्याला सकाळी गहू बंद, नाचणी सुरू. संध्याकाळी तेल नको, रविवारी पळून आल्याबरोबर मोड आलेलं काहीतरी हवं. रोहन जिमला जायला लागला, त्याला उकडलेलं चिकन, मीठ कमी, भात मोजून. सासूबाईंना साखर, त्यांना सकाळी ज्वारीची भाकरी, आणि ती थापलेलीच हवी, लाटलेली चालत नाही. प्रज्ञा कबड्डी खेळायला लागली, तिला पोटभर हवं, दूध, केळी, शेंगदाण्याचे लाडू. चार माणसांची चार पथ्यं आणि त्यांच्यामध्ये एक बाई. मी एकदा म्हटलं, अगं हे घर आहे की हॉस्पिटलची कॅन्टीन? तर म्हणाली, "अगं, सगळे हेल्दी खातायत हे काय कमी आहे? लोकांच्या घरी पिझ्झे येतात." ऐकणाऱ्याला ती तक्रार करते आहे असं वाटूच नये, अशी तिची बोलण्याची पद्धत.

आणि ती स्वतः काय खायची? उरलेलं. बापलेक अंड्यांचा पांढरा भाग खाणार, मग पिवळ्याचं काय करायचं? फेकवत नाही. ते ती चपातीत गुंडाळून उभ्या उभ्या खायची. कालचा भात, सासूबाईंनी अर्धी टाकलेली भाकरी, प्रज्ञाच्या डब्यातून परत आलेला पराठा, सगळं एका पोटात. चौघांचं पथ्य पाळलं जायचं ते हिच्या पोटाच्या जिवावर. आणि मग तिचं वजन वाढलं तर घरात चर्चा सुरू, हिचं वजन वाढतंय, हिने कायतरी केलं पाहिजे. मिलिंदने वाढदिवसाला आपलं जुनं घड्याळ तिच्या मनगटावर बांधलं, पावलं मोजणारं. "उद्यापासून सकाळी माझ्याबरोबर चालायला यायचं." घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं म्हणतात ते हे. पाचला उठणारी बाई आता त्याच्याही आधी उठून भाकऱ्या थापू लागली, कारण चालून आल्यावर वेळ कुठून काढणार? तिला व्यायाम हवा होता हे खरंच आहे. पण त्यासाठी तिच्या हातातलं एकही काम कुणी काढून घेतलं नाही. तो व्यायाम म्हणजे आणखी एक काम झालं, आणि ते न करण्याचा दोषही तिच्याच माथ्यावर.

तिला दम लागायला लागला तो याच सुमारास. पहिल्यांदा तिनेच मला फोनवर सांगितलं, हसत हसत. "रेखा, काय गं, ओट्याशी उभी राहिले तरी दम लागतो हल्ली. म्हातारी झाले." घरातही सांगितलं तिने. लपवलं नाही. हे मी पुन्हा पुन्हा लिहीन, कारण त्या हॉलमधल्या माईकवर कुणी ते सांगितलं नाही. तिने सांगितलं होतं. आणि घरातल्या प्रत्येकाने उंटावरून शेळ्या हाकल्या. मिलिंद म्हणाला, स्टॅमिना गेलाय तुझा, चालण्याचा वेग वाढव. रोहन म्हणाला, मम्मी, कार्डिओ कर. सासूबाई म्हणाल्या, आमच्या वेळेला विहिरीवरून पाणी आणायचो, आम्हाला कधी दम लागला नाही. या सगळ्यांत, दम का लागतो हे कुणीच विचारलं नाही. पळणाऱ्या, जिमला जाणाऱ्या, नाडीचे ठोके घड्याळात बघणाऱ्या माणसांच्या घरात एका बाईला उभ्याने चपात्या लाटता येईनात, आणि तो त्यांना व्यायामाचा प्रश्न वाटला.

मग तिने स्टूल आणलं. मधल्या खोलीत ट्यूबलाइट बदलायला वापरायचे ते उंच लाकडी स्टूल. ते ओट्याशी ओढून त्यावर बसून ती लाटू लागली. वीस वर्षं उभ्याने लाटणारी बाई एक दिवस बसते, तर घरातल्या माणसाने विचारावं की नाही, का गं बसलीस? विचारलं नाही, मस्करी केली. "राणीसाहेब सिंहासनावर बसल्या," असं रोहन म्हणाला, आणि मी स्वतः तिथे होते, सगळे हसले, वैशूसुद्धा हसली. सासूबाईंना मात्र आवडलं नाही, बसून लाटलेली चपाती नीट फुगत नाही म्हणे. फुगत होती. मी खाल्ली आहे. तव्यावरची, माझ्या ताटात तिनेच वाढलेली.

प्रज्ञाला कबड्डीचे बूट घ्यायला ती ठाण्याला आली होती. टेंभी नाक्याजवळच्या दुकानातून बूट घेऊन मायलेकी माझ्याकडे आल्या. मी तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. प्रज्ञा वर येऊन पाणी पिऊन बसली तरी वैशूचा पत्ता नाही. मी जिन्यात डोकावले तर ती दुसऱ्या मजल्यावरच्या पायरीवर बसलेली, ओठ कोरडे, कपाळावर घाम, आणि मांडीवर बुटांचा खोका. जी बाई तीन जणींना अंगावर घेऊन रेषेपर्यंत आली होती ती माझ्या जिन्यात बसली होती. मी तिथेच ओरडले. "वैशू, हे साधं नाही. उद्याच्या उद्या ईसीजी काढ." ती म्हणाली, "अगं, सर काय म्हणायचे? दम लागला म्हणून थांबलीस तर..." मी म्हटलं, "सर गेले! सरांचं वाक्य पोरींसाठी होतं, रात्रंदिवस राबणाऱ्या बायकांसाठी नव्हतं." तर हसून माझा हात धरून उठली. "प्रज्ञाच्या मॅचेस होऊ दे गं. तिचं एवढं झालं की काढते. आत्ता मी आजारी आहे म्हटलं तर तिला घरात बसवतील."

ते खरं होतं. तिला भीती हार्टची नव्हती, तिला भीती चपात्यांची होती. ती बसली की लाटणं कुणाच्या हातात जाणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती स्टुलावर बसून लाटत राहिली, म्हणजे पोरगी मैदानावर राहील. वैशू, तुझ्यावरसुद्धा रागावले आहे मी. एवढी मोठी चढाई एकटीने करायची काय गरज होती? त्या दिवशी ती गेल्यावर मी मिलिंदला फोन केला. तो म्हणाला, "अगं रेखा, ती चालायलाच टाळाटाळ करते. आठवड्यातून चार दिवस दांडी. स्टॅमिना कुठून येणार?" मी त्याला अजून काय काय बोलले ते छापण्यासारखं नाही. शेवटी "बरं, घेऊन जातो तिला, पुढच्या आठवड्यात" असं म्हणाला. तो आठवडा आला नाही... प्रज्ञाच्या मॅचेस आल्या, आणि त्या संपल्यानंतरचा पहिला रविवार म्हणजे प्रज्ञाचा फोन आला तो.

आता मला सांगा, स्वतःकडे लक्ष दिलं नाही म्हणजे काय? ती स्वतःकडे बघत होती. दम लागतो हे तिला कळलं, तिने ते सांगितलं, बसण्यासाठी स्टूल आणलं, आणि थांबायचं कधी तेही मनाशी ठरवलं. लक्ष बाकीच्यांनी दिलं नाही. आणि मेलेल्या माणसाला दोष दिला की बाकीच्यांना जेवायला बसता येतं. एका घरातल्या चार जणांची तब्येत एका बाईच्या तब्येतीवर उभी असते आणि मग लोक म्हणतात, हे घर किती फिट आहे! अशी घरं माझ्या ओळखीची कितीतरी आहेत, ठाण्यात आहेत, कल्याणला आहेत, आणि हे वाचणाऱ्यांपैकी काही जण आत्ता तव्यावरच्या चपातीची वाट बघत बसलेले असतील. असोत. मला त्यांना वाईट वाटायला लावायचं नाही. त्यांनी उठावं एवढंच माझं म्हणणं आहे.

गेल्या आठवड्यात मी डोंबिवलीला गेले होते. प्रज्ञाच्या प्रशिक्षक मॅडम माझ्या ओळखीच्या, त्यांनी कळवलं होतं की पोरगी आईचं झाल्यापासून मैदानावर आलेलीच नाही. दुःखात असेल असं त्यांना वाटत होतं. मला वेगळीच शंका होती. संध्याकाळची, सरावाची वेळ गाठूनच गेले. दार मिलिंदच्या आईने उघडलं. म्हातारी निम्मी झाली आहे, मला पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मिलिंद हॉलमध्ये बसला होता, टीव्ही बंद, हातात मोबाइल, तोही बंद. पळणं सोडलंय म्हणे त्याने. रोहन अजून घरी आला नव्हता. आणि आतून लाटण्याचा आवाज येत होता.

प्रज्ञा ओट्याशी उभी होती. केस वर बांधलेले, कोपरापर्यंत पीठ. स्टूल बाजूला भिंतीला लावून ठेवलं होतं, त्यावर कुणी बसत नाही म्हणाली. मी घड्याळाकडे पाहिलं, तिनेही पाहिलं, आणि मान खाली घालून पुढची लाटायला घेतली. हॉलमधून आजी मायेने म्हणाली, "खूप छान जमतंय हो पोरीला. अगदी आईसारखं." आजी पुढे म्हणाली, "खेळायला जा म्हणतो आम्ही तिला. कुणी अडवलंय का? फक्त दोन चपात्या टाकून जा..."

मी शेगडीचा खटका बंद केला. तव्यावरची चपाती अर्धी फुगून बसली. हॉलमध्ये गेले आणि मिलिंदसमोर उभी राहिले. मला वाटलं होतं मी ओरडेन. आवाजच चढला नाही. मी म्हटलं, "मिलिंद, ऐकलंस? आई आत्ता काय म्हणाली ते?" त्याने वर पाहिलं. हे वाक्य त्याने वीस वर्षांपूर्वीही ऐकलं होतं, याच घरात, आणि तेव्हा पेपर वाचत बसला होता. तो म्हणाला, "मी काय करायला हवं होतं, रेखा?" मी म्हटलं, "तेव्हाचं तू आणि तुझं मन बघून घे. आत्ता काय करायचंय ते मी सांगते. आत चपात्या राहिल्यात."

तो उठला. त्याची आई म्हणाली, "अरे, त्याला काय येतंय, मी करते..." मी म्हटलं, "आई, तुम्ही बसा. तुमचीही उभं राहायची वर्षं होऊन गेली." तो आत आला, हात धुतले, प्रज्ञाने लाटणं त्याच्या हातात दिलं आणि बाजूला झाली. लाटणं कसं धरायचं तेही त्याला कळेना. मग त्याची नजर भिंतीकडे गेली आणि त्याने स्टूल पुढे ओढलं, बसायला.

"ते राहू दे," मी म्हटलं. "तुझा दम चांगला आहे. तू उभ्याने लाट."

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. स्टूल सोडून दिलं, उभा राहिला, आणि लाटू लागला. पहिली चपाती कुठल्याही बाजूने गोल नव्हती. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते मी पुसलं नाही, आणि त्यालाही हातांना पीठ असल्यामुळे पुसता येईना.

प्रज्ञा आतल्या खोलीत गेली. परत आली ती खोका घेऊन, टेंभी नाक्याचा तोच. हातांचं पीठ न धुता ती आईच्या स्टुलावर बसली, बूट घातले, नाड्या घट्ट बांधल्या, दोनदा गाठ मारली. मग उठली आणि कुणालाही न विचारता दार ओढून गेली. जिन्यात तिची पावलं वाजत होती, दोन-दोन पायऱ्या एकदम.

हॉलमधून आजीने विचारलं, "झाल्या का गं चपात्या?"

"होतायत," मिलिंद म्हणाला.